शिवकांताकाकूंचे चार दात

शिवकांताकाकूंच्या तोंडात चारच दात उरले होते. दोन वर, दोन खाली. कापडी बाहुली शिवून झाली की काकू तिचा डोळा त्या दातांत धरत आणि चुलीवरच्या ज्वारीच्या कण्या शिजेपर्यंत चघळत बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारीला भूक लागली असावी. तसं मी विचारलंही.

"व्हय," त्या म्हणाल्या, "दुपारी दोन बाहुल्या खाल्ल्या, तरी पोट भरंना." मग माझी कीव येऊन म्हणाल्या, "दहा महिन्याच्या लेकराला एवढेच दात असतेत. देवानं माजे तेवढेच ठिवले ते कावून? उगंच न्हाई."

सिरसाळ्यात त्या आमच्या शेजारी. त्यांच्या मुलाचं बांगड्या-खेळण्यांचं दुकान होतं. गावात रंगीत टीव्ही नुकतेच आले होते. त्यांना सोबत म्हणून वीजही अधूनमधून येत असे. दुकानात डोळे मिटणारी प्लॅस्टिकची बाहुली आली, तेव्हा काकूंनी तिला उलटीपालटी करून पाहिलं. "सरपंचावानीच हाय. कलंडली की डोळे झाकतीय."

तिच्यापुढे काकूंच्या बाहुल्या पडून राहू लागल्या. त्यांचे डोळे काळ्या दोऱ्याने भरलेले. दोरा आधी मिठाच्या पाण्यात उकळायचा, पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटतो का पाहायचा, आणि गाठ आत कापसात लपवायची. मणी नाही, टाचणी नाही, तार तर नाहीच.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. परळीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, त्यामुळे शेजारच्या म्हातारीचा उद्धार करणं मला माझं कामच वाटलं. चकचकीत प्लॅस्टिकचे डोळे आणि चिकटवायची ट्यूब आणली, काकूंच्या दोन बाहुल्यांचे जुने डोळे उसवून नवे बसवले आणि त्यांतली एक त्यांच्यापुढे धरली.

काकूंनी आधी ट्यूब उलटी केली. "कालेजवाल्या, ह्याच्यावर काय लिवलंय?"

इंग्रजी वाचायला कोणी सांगितलं की मला तेव्हा फार बरं वाटे. मी मोठ्याने वाचलं आणि अर्थही सांगितला, "लहान मुलांपासून दूर ठेवा."

"बरं. मंग बाहुलीबी लेकरापासून दूर ठिवू. भिंतीला टांगू, हार घालू."

"काकू, वाळल्यावर काही होत नाही," मी चाचरत म्हणालो. "मी ओढून पाहिलंय."

"लेकरू ओढीत न्हाई, चघळतंय. तुज्या बुकात लाळ हाय का?"

नव्हती. काकूंनी डोळा दातांत धरला. कण्या शिजायच्या आतच त्यांनी जीभ बाहेर काढली. जिभेवर प्लॅस्टिकचा डोळा होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

मला हसू आलं आणि तसंच विरलं. माहेरपणाला आलेल्या ताईच्या तान्ह्या लेकीला, चिंगीला, दुसरी बाहुली मी सकाळीच दिली होती. मी तसं म्हणालो. काकू ताडकन उठल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणारी ती बाई माझ्याआधी आमच्या अंगणात पोचली.

चिंगी बाजेवर बसून शांतपणे काहीतरी चघळत होती. मांडीवरच्या बाहुलीला एकच डोळा. काकूंनी चिंगीला उचललं, ओणवं धरलं, गालात करंगळी अडकवून दुसरा डोळा बाहेर काढला आणि मुठीत धरला.

"काय होतं, काकू?" ताई धावत आली.

"काई न्हाई. चिंचुका."

जाता जाता त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

पुढे जन्मभराच्या टोमण्यांची तयारी मी ठेवली होती. माझ्या चालण्यावर, चष्म्यावर, इंग्रजीवर काकू बोलतच राहिल्या. त्या चिंचोक्याबद्दल मात्र कधीच नाही, आम्ही दोघंच असतानाही नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. दात एकही उरला नव्हता. उशाशी दोऱ्याच्या डोळ्यांची एक बाहुली होती, चिंगीच्या धाकट्या भावासाठी.

"तपासायची राहिलीय," त्या म्हणाल्या. "तुला बत्तीस दिलेत देवानं. कालेजात त्यांचा काई उपेग न्हाई. चाव."

मी डोळा दातांत धरला. काकूंनी डोळे मिटले. चुलीवर कण्या नव्हत्या, त्यामुळे किती वेळ चघळायचं ते मला कळेना. त्या 'बास' म्हणतील म्हणून मी चघळत राहिलो.