गेरूवाल्याकडे परत जायचं नसतं

दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचं, हे ज्या कोणी शहाण्यानं ठरवलं त्यानं नागपुरात येऊन विचारलेलं नसावं. मी विचारलं आहे. दोन वर्षं, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मांचा गठ्ठा, दारोदार. जरीपटक्यातल्या एका आजीबाईंनी डोळे बारीक करून मला विचारलं, "दहाच्या वर काही ठेवलं नाही काय वं तुमच्या मॅडमनं?" एका रिटायर्ड साहेबांनी साडेसात सांगितलं आणि मी घरी पोचेपर्यंत फोन करून सव्वासात केलं. एका बाईनं सरळ नवऱ्याकडे बोट केलं. "याईले विचार. मले दुखते का नाही, ते हेच सांगतात."

अभ्यास होता नसांच्या जुनाट दुखण्याचा. नागीण होऊन जाते, पण काही लोकांचं दुखणं मागे राहतं, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. या लोकांत असं काय असतं जे बाकीच्यांत नसतं, ते शोधायचं. जोखमीचे घटक म्हणतात त्याला. वय किती, साखर आहे का, पुरळ किती पसरलं, पहिल्याच दिवशी किती ठणकलं, आणि पहिली गोळी किती तासांनी पोटात गेली. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू नसेत दडून राहतो आणि म्हातारपणी उठतो, कमरेवर नाहीतर छातीवर फोडांचा पट्टा उमटतो. पट्टा दोन-तीन आठवड्यांत जातो. औषधानं जातो आणि बिनऔषधानंही जातो, ही त्यातली सगळ्यात बदमाश गोष्ट. आमच्या डॉक्टर मॅडम सांगायच्या, गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली पाहिजे. तेवढ्यानं पुढचं दुखणं टळेलच असं त्याही लिहून देत नव्हत्या, पण ते तीन दिवस वाया घालवू नयेत एवढं त्या ठासून सांगायच्या.

आता माझी अडचण. माझे वडील नागीण उतरवतात.

म्हणजे त्यांनी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, आणि दर रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात बसून लोकांच्या अंगावर गेरू लावला. विद्या त्यांच्या मामांची. दूर्वांच्या रसात गेरू उगाळायचा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारायची म्हणजे नागीण पुढे सरकत नाही, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचं, जे त्यांनी मला कधी सांगितलं नाही कारण पोरीला सांगायचं नसतं. उगाळायला मात्र पोरगी चालायची. दहावीपर्यंत सहाणेवर गेरू मीच उगाळला. पैसा घ्यायचा नाही, रोग्याच्या घरचा चहासुद्धा नाही. तीन रविवार लावायचा, तोवर रोग्यानं आंघोळ करायची नाही आणि दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. दुसऱ्या कोणाचा म्हणजे डॉक्टरचा.

आणि शेवटचा नियम: बरं झाल्यावर सांगायला यायचं नाही. आलं तर उलटते म्हणतात.

या नियमापुढे मी आजही हात टेकते. आम्ही रोग्याची पुढची खबर घेण्यासाठी चपला झिजवत होतो, एक माणूस घर बदलून शहराबाहेर मिहानकडे राहायला गेला तर त्याला शोधायला अर्धा दिवस घालवत होतो, आणि बाबांच्या शास्त्रात खबर घ्यायलाच बंदी. चाळीस वर्षांत एक तक्रार नाही. असं शास्त्र मिळालं तर कोणीही मोठा वैद्य होईल. बाबा अभिमानानं सांगायचे, "एकही माणूस परत नाही आला." नाहीच येणार ना बाप्पा, तुम्हीच सांगितलं होतं येऊ नको म्हणून.

हे शहाणपण मला आता सुचतंय. तेव्हा मी प्रश्न क्रमांक चौदा विचारत फिरत होते: पुरळ दिसल्यापासून पहिला उपचार किती तासांनी? लोकांना तास सांगता येत नाहीत. लोक वार सांगतात. "बुधवारी दिसलं, मग रविवारची वाट पाहिली." दुसरा म्हणे, "सोमवारी उठली, पण रविवारशिवाय कुठं होते?" असे रविवार एकामागून एक फॉर्मवर यायला लागले. गेरू कोणी लावला हे मी विचारायचं टाळलं. तरी एकानं सांगितलंच, निळ्या फाटकाचं घर, समोर कडुनिंब, भाऊ फार देवमाणूस. निळा रंग मागच्या दिवाळीत मीच निवडला होता. मी मान खाली घालून "इतर" या रकान्यात "घरगुती उपाय" लिहिलं. एकदा लिहिलं, मग लिहीतच गेले.

मॅडमच्या नजरेतून काही सुटत नसे. एक दिवस तक्ता पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या भागातल्या लोकांना औषधाला इतका उशीर का होतो? दवाखाना तर दोन पावलांवर आहे." मी म्हटलं, पाहते. घरी येऊन चप्पल न काढताच बाबांशी भांडले.

"तीन दिवसांत गोळी लागते, बाबा. तुम्ही रविवारपर्यंत बसवून ठेवता आणि वरून तीन आठवडे डॉक्टरकडे जाऊ देत नाही."

"माझ्यामुळंच दुखते कशावरून?" बाबा शांतपणे म्हणाले. "तुह्या मॅडमच्या गोळीनं कोणाचंच नाही राहात काय?"

"राहतं कधीकधी."

"मंग?"

माझा आवाज चढला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघंही लोकाईच्या जिवावर रेघा मारता. एक गेरूनं, एक पेननं. हात धुवा आणि जेवा." बाबा जेवले. मी फुगून बसले. पण मला पक्कं कळत होतं की यांना नुसतं बोलून काही होणार नाही, यांना माणूस दाखवावा लागेल.

कारकुनाला फिरवायचं तर नियमातली फट दाखवावी. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "रोग्यानं आपल्या दारात यायचं नाही, असा नियम आहे. आपण त्याच्या दारात जाऊ नये असं कुठं लिहिलंय?" बाबांनी बराच विचार केला. लिहिलेलं तर कुठेच नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

मी त्यांना बुटीबोरीच्या कापड कारखान्यातून रिटायर झालेल्या एका गृहस्थाकडे नेलं. माझ्या फॉर्मवर त्यांचा आकडा नऊ होता. तीन वर्षांपूर्वी छातीच्या डाव्या बाजूला नागीण, तीन रविवार बाबांचा गेरू, आणि तेव्हापासून अंगाला कापड लागलं की आग होते. जन्मभर कापड विणणारा माणूस अर्धा उघडा बसायचा. बनियानची डावी बाजू काखेपासून खाली कात्रीनं कापून टाकलेली. मे महिना चालू होता आणि घरात कूलर बंद, कारण वारा लागला तरी सोसत नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवणाऱ्या माणसाला दुखण्याचा आकडा विचारायची गरजच नाही, पण फॉर्म म्हणजे फॉर्म.

आम्ही फाटकाशी दिसलो तसे ते आत पळाले. बाहेर आले तेव्हा अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला. बाबांच्या पाया पडले. "भाऊ, तुम्ही आमच्या घरी? बसा बसा."

"कसं आहे गा आता?" बाबांनी विचारलं.

"एकदम फर्स्ट क्लास. तुमचे उपकार."

मी फॉर्म काढला. "काका, आज किती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांकडे पाहत म्हणाले, "शून्य लिही, पोरी."

त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. डाव्या हाताच्या दोन बोटांनी सदरा छातीपासून लांब धरून ठेवला होता आणि ती बोटं ते सोडत नव्हते. मी पेन घेऊन तशीच बसले. एवढी वर्षं लोकांना खरं बोला, खरं बोला म्हणत फिरले आणि हा माणूस माझ्या बापाच्या मानासाठी आगीत बसून शून्य सांगत होता. मला रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते तेव्हा कळलं नाही.

बाबा बघत होते. मग म्हणाले, "सदरा काढ गा."

"राहू द्या ना भाऊ."

"काढ म्हणतो ना."

काढत नाहीत म्हटल्यावर बाबा उठले आणि स्वतःच गुंड्या सोडायला लागले. सदऱ्याची कड डाव्या बाजूला लागली आणि त्या गृहस्थांच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बाबांनी हात मागे घेतला. आतल्या कातडीवर काही नव्हतं. पुसट डाग होते, बस. गेरू तर केव्हाच धुऊन गेला होता.

"सांगितलं काहून नाही मले?"

"सांगाले यायचं नाही म्हणता ना तुम्ही," ते म्हणाले. मग ओशाळून खाली बघत म्हणाले, "आणि चूक माझीच आहे, भाऊ. दुसऱ्या रविवारच्या आधी मी आंघोळ केली होती. नातीचं बारसं होतं. बायकोलेही नाही सांगितलं. त्याचंच भोगून राहिलो."

तीन वर्षं हा माणूस एका आंघोळीची शिक्षा म्हणून ते सोसत होता. माझ्या फॉर्मवर वय होतं, साखर होती, पुरळ होतं. हे लिहायला जागा नव्हती. बाबा म्हणाले, "आंघोळीनं काही होत नाही गा." दोनदा म्हणाले. त्या गृहस्थांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असं वाटलं नाही.

परत येताना बाबा मागे बसले होते. भांडण मी जिंकले होते. जिंकून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "वेळेवर गोळी घेतली असती तर नसतं राहिलं त्याचं?"

"नाही सांगता येत, बाबा. कदाचित राहिलंही असतं."

"कदाचित," ते म्हणाले. खोटं बोलून त्यांना मोकळं करावं असं मला फार वाटलं. पण मग मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

सोमवारी मी मॅडमकडे गेले आणि "घरगुती उपाय" कोणाचे ते सगळं सांगून टाकलं. नोकरी जाईल असंच धरून गेले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "सगळे फॉर्म परत काढा. जिथं जिथं रविवार आहे तिथं रविवार लिहा." आठ दिवस मी तेच करत बसले.

त्या रविवारी बाबांनी व्हरांड्यात सतरंजी घातली नाही. कोणी आलंही नाही. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या चौकातला पानठेलेवाला पाठीवर पंचा टाकून आला. काल रात्रीपासून फोड उठले होते, परवा रविवारी येऊ का विचारायला आला होता. बाबांनी पंचा उचलून पाठ पाहिली. पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाले, "स्कूटर काढ." तो मागे, मी पुढे, आणि बाबा आमच्या मागून पायी. दवाखाना खरोखरच दोन पावलांवर आहे.

बाकावर आम्ही तिघं नंबरची वाट पाहत बसलो. पानठेलेवाल्याचा जीव काही बसत नव्हता. शेवटी तो बाबांकडे झुकून हळूच म्हणाला, "गोळी घेतो मी, भाऊ, तुम्ही म्हणता तर. पण रविवारी गेरू तेवढा लावून द्या. तुमच्या हाताले गुण आहे, सारं नागपूर सांगते."

"मले येत नाही गा ते," बाबा म्हणाले, आणि त्याचा नंबर लागला का ते पाहायला उठले.