नामंजूर अर्जाचं पान

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. तुम्ही तर आत्ताच हसायला लागलात राव! चहा ठेवा खाली, नाहीतर ठसका लागेल.

तर माझं काम तुम्हाला माहीत आहेच. बुलढाण्यात आमचं चौघांचं ऑफिस, भाजीपाला पिकवणाऱ्या गटांसाठी ॲप बनवतो. त्यातली बटणं कशी असावी, रंग कोणता, कुठं काय वाक्य यावं, हे ठरवून एका ठिकाणी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर एकाचं बटण हिरवं, दुसऱ्याचं पोपटी, अन् तिसरा म्हणतो मला वाटलं म्हणून निळं केलं! या लिखाणाला डिझाइन सिस्टीमचं डॉक्युमेंटेशन म्हणतात. ते सांभाळणारा कोण? अस्मादिक, म्हणजे हा प्रवीण!

काय माज होता हो मला त्याचा! पानावर जसं आहे तसंच उचलायचं, मनानं काही करायचं नाही, हा नियम माझा. उदाहरणात 'अबक, गाव कखग' असली थट्टा चालणार नाही, खऱ्यासारखी माहिती पाहिजे, हाही माझाच. अन् पान बदललं की खाली आपलं नाव, तारीख आणि बदलाचं कारण लिहायचंच. गजू, आमचा प्रोग्रामर, एकदा एक स्वल्पविराम बदलून कारण लिहायला विसरला, तर मी त्याला अर्धा तास झाडलं. दर शनिवारी सगळ्यांची जुनी पानं मी तपासायचो. माझी कोण तपासणार? कोणाची हिंमत होती?

एका दुपारी मी 'नामंजूर अर्ज' हे पान लिहीत बसलो होतो. शेतकऱ्यानं ॲपमध्ये भरलेला अर्ज फेटाळला गेला तर लाल चौकट कशी दिसावी, त्याचं पान. उदाहरणाला नाव काही सुचेना. तेवढ्यात आईनं व्हॉट्सॲपवर एका मुलीचा बायोडेटा पाठवला. धामणगाव बढ्याची मुलगी, वडील वासुदेवराव, अडीच एकर मिरची. मी आधीच स्थळांना वैतागलेलो. पण नाव, गाव, पीक, सगळं समोर तयार! उचललं अन् टाकलं चौकटीत. खाली कारण लिहिलं, 'दिलेली माहिती खोटी आढळली.' इतकं सुबक दिसत होतं म्हणून सांगू!

पुढच्या आठवड्यात आईनं मला ओढत नेलं तीच मुलगी पाहायला. शीतल आली, समोर बसली, अन् सरळ विचारलं, "तुम्ही दिवसभर लिहता, थे वाचते कोन?"

संपलं! मी गारद! हा प्रश्न मला ऑफिसात आजवर कोणी विचारला नव्हता. घरी येऊन आईला म्हटलं, लग्न करीन तर हिच्याशीच. आता फक्त त्यांच्याकडून होकार यायचा होता. त्या निरोपाची वाट पाहून पाहून मी निम्मा झालो.

अन् नेमकं त्यातच आमचं ॲप पहिल्यांदा गटाला दाखवायचं ठरलं. कुठं? धामणगाव बढ्याला. गटाचे अध्यक्ष कोण? शीतलचे वडील, वासुदेवकाका! म्हटलं, कोणी जायचं नाही, मीच जातो. कडक इस्त्री, सेंट, सगळा थाट. काका पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होते, "हा आपला होनारा पाव्हना बरं, पोरीचं तेवढं ठरू दे!"

गजूनं नियमाप्रमाणे सगळी उदाहरणं माझ्या पानांवरून जशीच्या तशी उचलली होती. मी ऐटीत प्रोजेक्टर लावून एकेक दाखवत गेलो. "हा बघा मंजूर अर्ज. अन् हा नामंजूर."

भिंतीवर हातभर अक्षरात आलं. वासुदेवराव, धामणगाव बढे, मिरची अडीच एकर. अर्ज नामंजूर. दिलेली माहिती खोटी आढळली.

काकांचं ढोसणारं कोपर तिथंच थांबलं!

काका उठले. "हे तं मायं नाव हाय."

"काका, ते खरं नाही! नुसतं उदाहरण आहे!"

"खोट्याचं उदाहरन म्हून तुले मीच सापडलो काय बे?"

मागून त्यांचे बांधशेजारी किसनराव ओरडले, "मी तं कवापासून सांगून राह्यलो, अडीच एकर नाहीच थे, सव्वादोन हाय! पहा, सरकारलेबी समजलं!"

"अहो, सरकारचं नाही हे!" मी घसा फोडून सांगतोय, पण ऐकतो कोण?

"चाल वावरात! मोजूनच दाखवतो तुले!" काकांनी धोतर सावरलं. अन् खरंच निघाली हो चाळीस माणसं! पुढं काका, मागं टेप घेऊन किसनराव, सगळ्यात शेवटी लॅपटॉप छातीशी धरून मी.

वावरात शीतल मिरची तोडणाऱ्या बायांपाशी उभी होती. गर्दी पाहून बिचारी घाबरलीच. सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "पन थे लिव्हलं कोनं?"

आता इथं, खरं सांगतो, माझी बुद्धी फिरली. मी म्हटलं, "ऑफिसात कोणीतरी चुकून टाकलं असेल. चौकशी करतो."

"आत्ताच कर," काका म्हणाले, "अन् फोन मोठ्यानं लाव. सगळ्यायले आयकू दे."

लावला. "गजू, त्या नामंजूरच्या पानावर ते नाव कोणी टाकलं रे?" डोळे मिचकावत होतो मी, पण फोनवर दिसतं थोडंच!

"थांबा दादा, पानाखालीच असते ना. तुमचाच तं नियम हाय," गजू म्हणाला अन् खणखणीत वाचलं, "बदल करणारा, प्रवीण. कारण, उदाहरणासाठी मुलीच्या बापाचं नाव टाकलं. हे स्थळ जमवायचं नाहीच, त्यामुळे हरकत नाही."

पुढं त्यानं तारीखही वाचली. कोणी मागितली होती?

चाळीस माणसं माझ्याकडं पाहून राहिली होती. शीतलकडं बघायची माझी छाती होईना. म्हटलं, आता खोटं पुरे. "काका, मीच लिहिलं. तेव्हा मी हिला पाहिलं नव्हतं. पाहिल्यावर दुसरं काही सुचलं नाही, पान बदलायचं राहूनच गेलं. तुमचं नाव चारचौघांत खराब केलं, माफ करा. पण मला लग्न हिच्याशीच करायचं आहे."

काका किसनरावांकडं वळले. म्हणाले, "किसन, ठेव बे थो टेप." अन् शीतलला म्हणाले, "पोरी, माह्यं तं ठरलं. ज्यानं आपलं पाप सोताच्या नावानिशी, तारखेसकट लिहून ठेवलं, अन् थे वाचाले वरून मानूस बी नेमला, थो तुले जनमभर काय फसवन?"

शीतलनं मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहिलं.

"फसवाले अक्कल लागते, आबा," ती म्हणाली, "हाव म्हनून टाका."