कासवांच्या गाडीतल्या सिस्टरबाई

"गाडी कुठे जाते ते नंतर सांगा, मला आधी बसू दे," असं म्हणत सिस्टरबाई जीपमध्ये चढायच्या. जीप कासवं वाचवण्याच्या एका प्रकल्पाची होती आणि मी तिचा ड्रायव्हर. बाई नर्स होत्या त्या आमच्या आरोग्य उपकेंद्राला गाडी नव्हती. कासवांना होती.

गणपतीपुळ्याजवळच्या आमच्या किनाऱ्यावर कासवीण अंडी घालून गेली की अंडी मोजली जात, जाळीचं कुंपण पडे, पहारा बसे. बाई ते कौतुकाने बघायच्या. "हिच्या बाळंतपणाला एवढी माणसं," म्हणायच्या, "आणि आमच्या बायकांना गोळ्यांचं पाकीट वेळेवर येत नाय." असली तिरकस माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर रागावता येत नाही.

मासळी विकणारी सुगंधा तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर धडगत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मूल बंद करायचं ऑपरेशन तिलाच हवं होतं. ते व्हायचं रत्नागिरीला, दर मंगळवारी. रुग्णवाहिका आली नाही म्हणून दोन मंगळवार हुकले.

तिसऱ्या मंगळवारी किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडायची होती आणि आमच्या प्रकल्पाच्या साहेबांचं भाषण होतं, वाढती लोकसंख्या आणि वन्यजीव या विषयावर. मी त्यांना आणायला निघालो, तर जीपमध्ये बाई आणि सुगंधा आधीच बसलेल्या.

"साहेब चालत येतील," बाई म्हणाल्या. "हिला परत दिवस गेले तर वाचवायला तुमी येणार काय?"

मी गाडी रत्नागिरीकडे वळवली.

साहेब रिक्षाने आले आणि लहान कुटुंबामुळे किनारे कसे वाचतात ते तासभर बोलले. पिल्लं भाषण संपायच्या आत समुद्रात पोचली, असं पहारेकरी सांगतो.

मला नोटीस आली. उत्तर बाईंनी सांगितलं, मी लिहिलं: साहेबांनी भाषणात सांगितलेल्या कामासाठीच गाडी गेली होती. साहेब इतके खूश झाले की त्यांनी बाईंना भरायला एक तक्ता पाठवला. एका ऑपरेशनमागे किती कासवं वाचली? बाईंनी लिहिलं, "सुगंधा वाचली. कासवांना विचारून कळवते."

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन खेडला गेल्या. त्यांची जागा अजून रिकामी आहे, आणि मला त्यांची फार आठवण येते. परवा मंगळवारी दोन बायका जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर नाय, मग आता कुणाला सांगायचं वो?"

मी साहेबांना फोन करून गाडी सुरू होत नाही असं सांगितलं, आणि गाडी सुरू केली.