श्रीपाद मागे आहे

वृंदाचा फोन आला तेव्हा मी दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसच्या लिफ्टसमोर उभी होते. "अगं, श्रीपाद राहिला नाही," ती म्हणाली. तिचा आवाज इतका सपाट होता, की मला आधी काही कळलंच नाही. तिचा नवरा फुजैराच्या तेल टर्मिनलवर शिफ्ट इन्चार्ज होता. नाइट शिफ्ट संपवून तो बाहेर पडला, पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडलं आणि तिथेच कोसळला. स्पेनच्या सहलीहून परतून महिनाही झाला नव्हता. अग्नी सानिकाने दिला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीने. मी वृंदाचा दंड धरून उभी होते आणि डोक्यात एकच विचार घुमत होता, की हा माणूस आपल्या सगळ्यांच्या आधी कसा गेला... हा तर नेहमी सगळ्यात मागे असायचा.

हे अक्षरशः खरं आहे. आमचा काही मराठी कुटुंबांचा ग्रुप दरवर्षी एक सहल काढतो. सुरुवातीच्या काळात एकदा हट्टा गावाजवळच्या डोंगरात कुणाची तरी सासू मागे राहून गेली आणि तासभर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून आमचा नियम झाला : एकाने सर्वांत शेवटी चालायचं, आणि त्याच्या मागे कोणीच राहिलेलं नाही ना ते बघायचं. हे काम श्रीपादने आपणहून अंगावर घेतलं ते कायमचंच. टर्मिनलवरही सगळे गेल्यावर एकदा फिरून बघितल्याशिवाय तो निघत नसे म्हणे. "श्रीपाद मागे आहे, पुढे बघून चाला," हे आमच्या सहलींचं पालुपदच झालं होतं. त्यामुळे आम्ही निर्धास्त असायचो. मागे वळून बघण्याची सवयच आम्हाला राहिली नव्हती.

या वर्षी स्पेनमध्ये तोलेदोला गेलो. ताहो नदीच्या वळणात, कातळावर चढवून ठेवलेलं जुनं शहर. जिकडे जावं तिकडे चढ, पायांखाली गोल दगड, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर भिंतीला चिकटावं. आमची गाइड पिवळी छत्री उंच धरून तरातरा पुढे, तिच्यामागे आम्ही, सानिकासुद्धा, आणि सगळ्यात शेवटी श्रीपाद. मुख्य चौकात ती सांगत होती, की या चौकाचं नाव अरबीवरून आलं, इथे पूर्वी जनावरांचा सूक, म्हणजे बाजार, भरायचा. श्रीपाद मागून ओरडला, "घ्या! युरोपात येऊनही आपण सूकमध्येच!" सगळे हसले. त्या दिवसातला त्याचा तेवढाच मोठा आवाज मला आठवतो. नंतर तो तलवारींच्या दुकानांपुढे थांबायचा, एखाद्या बंद दाराचे खिळे न्याहाळत उभा राहायचा. कॅथीड्रलपाशी आम्ही त्याची वाट बघत बसलो तेव्हा माझा नवरा हेमंत म्हणाला, "काय रे, तलवार घेऊन विमानात बसणार आहेस का?" श्रीपाद घामेजलेला होता. पायरीवर टेकला, कागदातली बदामाची मिठाई काढून सगळ्यांना वाटली, आणि म्हणाला, "यल्ला, निघा तुम्ही. मी आहे मागे." वृंदा चिडली होती. "ह्यांना सगळं जगच मागून बघायचं असतं," ती मला म्हणाली, आणि आम्ही दोघी निघालो. त्याच्या जागी दुसरं कुणीही असतं तर त्याला बसवून पाणी दिलं असतं, टॅक्सी शोधली असती. पण श्रीपाद मागे असणं हीच तर आमच्याकडची रीत होती. त्याला चढवत नाहीये हे कुणाच्या मनातही आलं नाही.

तेराव्यानंतर एकदा श्रीपादचा मोबाइल वाजला. वृंदाने उचलला. शारजातल्या एका छोट्या क्लिनिकमधली मुलगी विचारत होती, "सर फॉलोअप के लिए आए नहीं?" वृंदाला असं काही क्लिनिक असल्याचीच कल्पना नव्हती. आम्ही दोघी गेलो. डॉक्टर वयस्क होते, बातमी ऐकून त्यांनी श्रीपादची फाइल काढली. सहलीच्या आधी श्रीपाद त्यांच्याकडे दोनदा येऊन गेला होता. कंपनीचं इन्शुरन्स कार्ड त्याने मुद्दाम दाखवलं नव्हतं. अँजिओग्राफी करा म्हटल्यावर म्हणाला होता, मुलीचं कॉलेज संपू दे, मग बघू. हिशेब सरळ होता. टर्मिनलवरच्या कामाला मेडिकल फिटनेस लागतो. अनफिट ठरला की नोकरी खलास, नोकरीबरोबर व्हिसा, आणि कंपनीने दिलेला फ्लॅटही. सानिका इथेच जन्मली, इथेच वाढली, तिचं शिक्षण अर्ध्यावर तुटू नये म्हणून हा माणूस छाती धरून जिने चढत राहिला. लोक म्हणतात, केवढा त्याग. मला नाही तसं म्हणवत. मला त्याचा संताप येतो, अजून येतो. बायकोला नाही, मित्रांना नाही, कुणाला म्हणून सांगितलं नाही. आणि ज्या फ्लॅटसाठी हे सगळं केलं, तो कंपनी आता परत मागतेच आहे.

मागच्या शनिवारी सामान बांधायला फुजैराला गेले. वृंदा स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होती. सानिका तिच्या खोलीत जमिनीवर बसली होती, पुस्तकांची खोकी तशीच उघडी. मी शेजारी बसले. म्हटलं, कॉलेजचं काहीतरी बघू आपण, तू आमच्याकडे राहा, बाबांची इच्छा होती तुझं इथेच पूर्ण व्हावं.

"मावशी, आय हेट दॅट कॉलेज," ती म्हणाली. "पहिल्या वर्षापासून. मला पुण्याला जायचं होतं, आजीकडे. आय वॉज स्केअर्ड, बाबांना वाईट वाटेल म्हणून. तोलेदोत मी ठरवलं, आज सांगायचंच. तुम्ही सगळे पुढे होता. मी मागे गेले. ही वॉज जस्ट स्टँडिंग देअर, भिंतीला हात लावून. मी म्हटलं, बाबा, कॅन वी टॉक? ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, घरी गेल्यावर बोलू, तू पुढे जा."

"मग?"

"मग घरी आलो. देन ही हॅड नाइट शिफ्ट्स."

मी तिचा हात हातात घेतला आणि तेव्हा लक्षात आलं, की भर दुपारी ही मुलगी कुजबुजत बोलतेय. स्वयंपाकघरात वृंदाही डबे आवाज न करता ठेवत होती. पलीकडे बेडरूमचं दार लोटलेलं होतं आणि आत पडदे ओढलेले. श्रीपादची नाइट असली की या घरात दिवसा असंच वावरायचं.