फार्महाऊसवर दिलेला बंड्या

ज्यांनी त्याला हायवेवर सोडलं, त्यांनीच आज सकाळी त्याचा फोटो स्टेटसला टाकलाय.

'रेस्ट इन पीस, अवर बेबी ब्रूनो.' खाली तुटलेली हार्टं.

किळस आली. दुसरा शब्द नाही.

आमचा बंड्या काल गेला. बीगल होता, म्हातारा झाला होता, किडन्यांनी हात टेकले होते. ब्रूनो हे त्याचं पहिलं नाव, माझ्या धाकट्या भावाने, मिलिंदने ठेवलेलं.

मिलिंद, तू हे वाचणार आहेस. वाच.

तेव्हा मिलिंद आणि त्याची बायको शलाका, दोघंही गुरुग्रामच्या ऑफिसात. घर नोएडा एक्स्टेन्शनला, सोळावा मजला. सकाळी जे निघायचे ते रात्री जेवायलाच उगवायचे. माझा भाचा सहावीत, शाळा सुटली की कोचिंग.

आणि या घरात बीगल आणला.

"ताई, अपार्टमेंटसाठी परफेक्ट ब्रीड आहे. साइज छोटी, केस छोटे, मुलांशी एकदम गोड."

"अरे, पण दिवसभर घरी कोण असणार?"

"तो असेल ना."

असं म्हणाला. मी विसरलेले नाही.

बीगल हा शिकारी कुत्रा. चार जणांत राहणारा, वासामागे मैलभर धावणारा. एकटा पडला की गळा काढतो. ही माहिती काही गुप्त नाही, पण ती वाचायला कुणाला वेळ होता? लोक कान बघतात, डोळे बघतात, रंग बघतात. स्थळ बघायला गेल्यासारखे जातात. आपला स्वतःचा दिवस कसा जातो, तेवढं मात्र बघत नाहीत.

मी तेव्हाच म्हटलं होतं, तुमच्या घराला सूट होणारं ब्रीड म्हणजे भिंतीवरचं घड्याळ.

सगळे हसले. मी हसवायला बोलले नव्हते.

मग ठरल्यासारखं सगळं झालं. बाल्कनीत बांधलेला कुत्रा, दिवसभर रडणं, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी, कुरतडलेला सोफा.

दिवाळीच्या सुमारास फोन आला. "ताई, ब्रूनोला फार्महाऊसवर दिला. ऑफिसमधल्या एकाचं आहे, पानिपतच्या रस्त्याला. मोकळं रान, मजेत आहे एकदम."

दिल्लीत कुत्रा नकोसा झाला की तो फार्महाऊसवर जातो. एवढी फार्महाऊसं आहेत तरी कुणाची यार?

मी फोटो मागायचे. "पाठवतो, पाठवतो." एकदा आला. त्यात मागे त्यांचाच सोफा होता.

होळीनंतर माझ्या लेकीच्या लग्नासाठी चादरी घ्यायला आम्ही पानिपतला गेलो. गाडी मिलिंदची, चालवत होता मिलिंदच. मी डब्यात बंड्यासाठी पोळ्या घेतल्या होत्या. जाताना म्हणाला, "येताना जाऊ." येताना म्हणाला, "उशीर होईल."

मी म्हटलं, "गाडी थांबव आणि खरं सांग."

त्याने गाडी थांबवली नाही, पण सांगितलं. फार्महाऊस नव्हतंच. एका ढाब्यापाशी दार उघडलं, हा वास घेत खाली उतरला, यांनी दार लावलं आणि निघाले.

"ताई, तिथे पराठे मिळतात, जागा आहे, बाकीचे कुत्रे आहेत. एक प्रकारे फार्महाऊसच ना."

माझा सख्खा भाऊ. आईने आम्हा दोघांना एकाच ताटात जेवायला घातलेलं.

मी तिथेच न्यायला लावलं. एक कान फाटलेला, अंगावर खरूज, बरगड्या दिसतायत. तरी मी ओळखला. ढाबेवाला म्हणाला, "बहनजी, ये तो हर सफ़ेद गाड़ी के पीछे भागता है."

मिलिंदची गाडी पांढरी आहे.

आणि बंड्या काय करतो? मिलिंदकडे धावत गेला. शेपटी हलवत, अंगावर उड्या मारत, त्याचे हात चाटत. रुसवा नाही, काही नाही. दार उघडं दिसताच मागच्या सीटवर जाऊन बसला.

"ताई, सीट खराब होईल."

हे त्याचं पहिलं वाक्य होतं.

मी नव्या चादरींतली एक काढली, सीटवर अंथरली आणि बंड्याला घेऊन गाझियाबादला घरी आले. लेकीच्या रुखवतात एक चादर कमी पडली. तिने तक्रार केली नाही.

त्यानंतर तो आमचाच. मी आणि हे, दोघंही रिटायर झालेली माणसं, दिवसभर घरात. त्याला तेवढंच हवं होतं. सकाळी पार्कात तासभर एकेक झुडूप हुंगायचा, आणि मी उभी राहायचे. दुसरं काय काम होतं मला?

एक सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही. गाडीतून मी आधी उतरल्याशिवाय तो उतरायचा नाही. कितीही लाड करा, बिस्किट दाखवा, बिल्कुल नाही. आधी माझे पाय जमिनीला लागलेले बघायचा, मग उडी.

हे आठवतंय का मिलिंद तुला? तुला माहीत असायचं कारणच नाही. इतक्या वर्षांत तू त्याला भेटायला आला नाहीस.

आता कळलं की रविवारी तुमच्याकडे हस्कीचं पिल्लू येतंय. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, घर खायला उठतं म्हणून. निळे डोळे आहेत म्हणे.

अरे, तू खोलीतून पाणी प्यायला उठलास तरी एसी बंद करून जातोस. मेच्या उन्हात सोळाव्या मजल्यावर त्या बर्फातल्या कुत्र्यासाठी दिवसभर एसी कोण चालू ठेवणार? की याही वेळी कुणाचं फार्महाऊस बघून ठेवलंयस?

ते पिल्लू आणू नकोस. चारचौघांत सांगतेय, कारण एकट्याला सांगून तू ऐकत नाहीस. आणि स्टेटस काढ.

काल डॉक्टरकडे नेताना बंड्या गाडीतच गेला, माझ्या मांडीवर, त्याच चादरीत. ती आता पार विटली होती. दवाखान्यापाशी यांनी दार उघडलं आणि त्याला उचलून घेतलं. मी आत बसूनच होते.

पहिल्यांदाच तो माझ्याआधी उतरला.

बंड्या, भावपूर्ण श्रद्धांजली तिकडे स्टेटसला लिहिलेली आहे, ती मला लिहवत नाही. तू जा बाळा. मागे वळून बघू नकोस, गाडी इथेच उभी आहे.