भावाची फाईल

“परक्यांची गाऱ्हाणी ऐकतेस, आणि सख्ख्या भावाची फाईल दुसऱ्याच्या टेबलावर ढकलतेस?” भाऊ इतका ओरडला की जिन्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“अरे, घरच्या माणसाचं अपील मला ऐकता येत नाही,” ताई म्हणाली.

“मग बहीण तरी कशाला म्हणवतेस? नुसती साहेबच राहा!”

नाकारलेल्या पेन्शनची अपीलं ऐकणं हे ताईचं काम. समोरच्याला आधी पाणी द्यायची, मग कागद मागायची. भावाचा पाय कारखान्यात गेला होता. दुसऱ्या साहेबाने एक दाखला कमी म्हणून दोन मिनिटांत त्याचं अपील फेटाळलं. तिने दाखल्यासाठी मुदत दिली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे नव्या अर्जावर पेन्शन मिळाली, पण मधल्या दोन वर्षांत त्याच्या मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. भावाने बोलणं टाकलं.

त्याचा हयातीचा दाखला मात्र दरवर्षी ताईच भरायची. तो सही करून दाराखालून सरकवायचा. रिटायर झाल्यावर आपल्याच ऑफिसात ती रांगेत उभी राही.

“ताई, आत या ना,” शिपाई म्हणायचा.

“नको रे बाबा. आत बसून काय दिवे लावले ते ठाऊक आहे मला.”

ताई वारली, त्याच्या आदल्या दिवशीही ती रांगेत उभी राहिली आणि पावती आणून भावाच्या दाराखालून सरकवली. आतून कुबडीचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. ताईने थोडा वेळ वाट पाहिली. मग नेहमीसारखी कठडा धरून ती जिना उतरली.