भिंतीलगतचं आठवं पॅनेल

जानराव भिलाईच्या स्टील प्लांटातून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाला, पण वाकणं त्याला छत्तीस वर्षांत कोणी शिकवू शकलं नाही. खुर्सीपारला बापाचं एकच घर, मधे नऊ वर्षांपूर्वीची भिंत. पलीकडे धाकटा भाऊ दौलतराव, तोही प्लांटातला, फिटर. त्यानं गच्चीवरची टाकी चार लोखंडी पायांवर अशी चढवली की दुपारी दोननंतर तिची सावली नेमकी जानरावकडे पडावी. ही सावली चुकून पडते असं म्हणणाऱ्यानं दौलतरावला पाहिलेलंच नाही.

सोलर लावायला आलेला भूपेंद्र म्हणाला, "काकाजी, एकच मोठा इन्व्हर्टर खाली व्हरांड्यात लावतो. बस, भाई को बोलके टंकी सरकवा. एका पॅनेलवर सावली आली की पूर्ण लाइन ढिली पडते."

"अन् दुसरं काय हाये?"

"हर पॅनेलखाली आपला-आपला छोटा इन्व्हर्टर. एक बसला तरी बाकीचे चालतात. पण महाग आहे, आणि बिघडला तर धुपात वर चढावं लागेल. तुमचे घुटने..."

"घुटने माहे हायेत. छोटेच लाव."

बायको ठकूबाई चहा ठेवत म्हणाली, "भाऊजींशी दोन शब्द बोलले असते त काय झालं असतं?"

"त्याच्याशी बोलाले माह्याजवळ तोंड नाही."

"मंग माह्यावर दिवसभर कोणत्या तोंडानं ओरडता?"

आठ पॅनेल लागले. दौलतरावकडे इंचभर जागा सुटायला नको म्हणून आठवं जानरावनं भिंतीला खेटून बसवायला लावलं. "मागून हात नाही जाणार," भूपेंद्र बोलला होता. ऐकतो कोण?

मे महिन्यात मोबाइलवरच्या सोलर ॲपमध्ये आठव्या पॅनेलचा चौकोन काळा पडला. त्याखालचा इन्व्हर्टर जळाला होता, आणि तिथे हात फक्त दौलतरावच्या गच्चीवरून जात होता.

जानराव गुडघे दाबत वर चढला. खिशात प्लांटातली जुनी लाल टॅग होती. बंद मशीनवर ती ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. भिलाईत हा नियम लेकरांनाही पाठ. त्यानं नाव-तारीख लिहून ती आठव्या पॅनेलला बांधली, अक्षरं भावाकडे करून.

संध्याकाळी दौलतराव पाना घेऊन गच्चीवर आला. ठकूबाईनं भिंतीवरून सांगितलं असणार. तो पॅनेलखाली वाकला, टॅग वाचली आणि पाना खिशात घातला.

"ज्यानं लावली त्यानं काढावी," तो म्हणाला.

"कावून काढू? सात चालू हायेत," जानराव जिन्यातून बोलला.

नऊ वर्षांत दोघं पहिल्यांदा बोलले ते एवढंच. दौलतराव टाकी रिकामी करायला तिचा व्हॉल्व्ह उघडून खाली उतरला; भरलेली टाकी सरकत नाही.